टोपी गेली, सलाम राहिला

"मामा, ड्रेसाज म्हणजे ड्रेसची स्पर्धा ना?"

सातवीतल्या माझ्या भाचीने हा प्रश्न टाकला, तेव्हा तिच्यासमोर दोन फोटो होते. एक तिच्या कात्रणांच्या वहीतला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोउ आशियाई खेळांत भारतीय संघाने घोडेस्वारीतल्या 'ड्रेसाज' या प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाचा. कोलकात्याचा अनुष अगरवाला, आपल्या मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला हे ते चौघे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांनंतर घोडेस्वारीतलं सोनं आपल्याला तब्बल ४१ वर्षांनी मिळत होतं.

दुसरा फोटो भाचीचा स्वतःचा. माथेरानचा. घोड्यावर ऐटीत बसलेली, पायात चपला, वाऱ्यावर उडणारी ओढणी, मोकळे केस आणि डोळ्यांवर काळा चष्मा. फोटो झकास आला होता, यात शंकाच नाही.

"मीही घोड्यावरच बसले, तेही घोड्यावरच बसले. मग त्यांनाच एवढा थाट कशाला?" भाचीचा सवाल.

इथंच तर घोडं पेंड खातं! हा थाट म्हणजे नुसता थाट आहे, की त्यामागे काही कारण आहे? मित्रांनो, चला, आज त्या पोशाखाची एकेक घडी उलगडून पाहू.

नावातच फसगत

आधी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. ड्रेसाजचा आणि आपल्या 'ड्रेस'चा इथं काही संबंध नाही. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे तालीम, शिकवण. घोड्याला किती चांगलं शिकवलंय आणि स्वार व घोडा यांचं किती जमलंय, याची ही परीक्षा.

मैदान असतं ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. कडेने अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. 'ए' या अक्षरापाशी आत यायचं, सरळ रेषेत मधोमध जाऊन घोडा थांबवायचा आणि परीक्षकांना सलाम करायचा. मग ठरलेल्या जागी ठरलेली चाल. कधी संथ, कधी दुडकी, कधी जागच्या जागी ठेका धरल्यासारखी. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहा यांमधले गुण देतात. स्वाराने घोड्याला काय सांगितलं, ते पाहणाऱ्याला कळताच कामा नये. घोडा आपल्या मनानेच नाचतोय असं वाटलं पाहिजे.

आणि पोशाखाला गुण किती? एकही नाही! कोट कितीही भारी असला, बूट कितीही चकचकीत असले, तरी गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नाही. पण पोशाख नियमात बसत नसेल, तर मात्र स्वार अडचणीत येतो. गुण नाहीत, तरी नियम आहेत. मग हे नियम आले कुठून?

प्रत्येक कपड्याला काम

युरोपात घोडेस्वारीचे दोन मोठे आखाडे होते. एक म्हणजे लष्कर आणि दुसरा म्हणजे शिकार. स्पर्धेतला पोशाख या दोन ठिकाणांहून आला. तिथं प्रत्येक गोष्टीला काही ना काही काम होतं.

गुडघ्यापर्यंतचे उंच बूट घ्या. खोगिराच्या आणि रिकिबीच्या चामड्याला पाय घासून सोलवटू नये म्हणून ते उंच. आणि त्यांना टाच असते ती कशाला? उंच दिसायला नव्हे. पाय रिकिबीतून आरपार पुढे जाऊ नये म्हणून. स्वार पडला आणि त्याचा पाय रिकिबीत अडकून राहिला, तर बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेतो. ती बोटभर टाच म्हणजे जीव वाचवणारी खुंटीच.

गळ्याशी बांधलेला पांढरा पट्टा पाहिलात? त्याला म्हणतात स्टॉक. शिकारीवर रानात कुणी पडलं, हात मोडला, घोड्याला जखम झाली, तर डॉक्टर कुठून आणणार? मग गळ्यातला हा लांब पट्टा सोडायचा आणि त्याचीच झोळी किंवा मलमपट्टी करायची. त्याला लावलेली पिन आडवी खोचायची, म्हणजे पडताना ती गळ्यात घुसत नाही.

कोट पुढून आखूड आणि मागून लांब शेपटांचा. पुढून लांब असता, तर बसल्यावर पोटाशी गोळा झाला असता. मागची शेपटं खोगिरावरून दोन्ही बाजूंना नीट पडतात. आणि हातमोजे? लगाम घामाने हातातून निसटू नये म्हणून. मात्र मोजे पांढरे असले की गंमत होते. गडद कोटासमोर हाताची जराशी चुळबूळसुद्धा लांबून दिसते. म्हणून हात अजून स्थिर नसलेले नवशिके स्वार बऱ्याचदा काळे मोजे पसंत करतात!

एक आणखी गोष्ट. घोड्यावर नेहमी डावीकडून चढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. सैनिकाची तलवार डाव्या कमरेला लटकलेली. उजवीकडून चढायला गेलं तर ती पायांत अडकणार. तलवार कधीच गेली, पण चढण्याची बाजू तीच राहिली. पोशाखाचंही असंच असतं. काम संपतं, सवय उरते.

जोधपूरची विजार

या सगळ्या परदेशी थाटात एक वस्तू मात्र आपल्याकडची आहे. जोधपूरच्या राजघराण्यातले सर प्रतापसिंह नावाजलेले स्वार आणि पोलो खेळाडू होते. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली, त्या सोहळ्यासाठी ते लंडनला गेले. त्यांची आणि त्यांच्या मंडळींची विजार पाहून इंग्रज स्वार चकित झाले, असं सांगतात. मांड्यांपाशी फुगीर आणि गुडघ्याखाली चुडीदारासारखी घट्ट.

हा आकार उगाच नव्हता. त्या काळी ताणलं जाणारं कापड नव्हतं. मांड फाकून घोड्यावर बसायचं तर वर ऐसपैस जागा हवी. पण पोटरीपाशी सैल कापड असेल तर त्याच्या चुण्या पडतात आणि कातडी सोलवटते. म्हणून वर ढगळ, खाली घट्ट. इंग्रजांनी ही विजार उचलली आणि नावही गावाचंच ठेवलं. आजही इंग्रजी शब्दकोशात घोडेस्वाराच्या विजारीला 'जोधपूर्स' म्हणतात.

पुढे ताणणारं कापड आलं, आणि मांडीवरचा तो फुगा निघून गेला. कारण गेलं, आकारही गेला. कुणी त्याबद्दल भांडलं नाही.

बायकांच्या पोशाखाची कहाणी मात्र एवढी सोपी नाही. युरोपातल्या खानदानी स्त्रियांना शेकडो वर्षं दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन, लांब घोळदार झगा घालून घोड्यावर बसावं लागे. मांड टाकून बसणं त्यांना शोभत नाही, असा समज होता. पडताना तो झगा खोगिरात अडकला, तर ती स्त्री घोड्यामागे फरफटत जायची. कासोटा घातलेल्या आपल्या नऊवारीला ही अडचण नव्हती. कासोट्याने दोन्ही पाय मोकळे राहतात, मांड पक्की बसते.

टोपी कुणाची, मान कुणाचा?

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज १९१२ मध्ये, स्टॉकहोमला सुरू झालं. पण पुढची कित्येक वर्षं त्यात फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच भाग घेता येई. म्हणजे अंगावर वर्दी हवी आणि तीही अधिकाऱ्याची. साधा शिपाई किंवा हवालदार कितीही चांगला स्वार असो, त्याला दार बंद. बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्णपदक मिळवलं. संघात होता गेनाल पेर्सन. हा माणूस मुळात अधिकारी नव्हता. स्पर्धेपूर्वी त्याला तात्पुरती बढती दिली गेली आणि स्पर्धा संपताच त्याचा जुना हुद्दा परत आला. ही गोष्ट उघड झाली आणि १९४९ मध्ये स्वीडनचं सुवर्णपदक काढून घेण्यात आलं! पेर्सनने घोडा वाईट चालवला होता का? मुळीच नाही. फक्त खांद्यावरची चिन्हं चुकीची होती.

हे अतीच झालं, असं अनेकांना वाटलं आणि नियम बदलला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ड्रेसाज सर्वांना खुलं झालं. हुद्दा कोणताही असो, पुरुष असो वा स्त्री. आणि काय सांगू, स्वीडनचे तेच तिघे परत आले आणि तेच सुवर्णपदक पुन्हा जिंकून गेले. या वेळी पेर्सनचं पदक कुणी मागितलं नाही.

त्याच हेलसिंकीत डेन्मार्कची लिस हार्टेल मैदानात उतरली. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागायची. घोड्याला सूचना देण्यासाठी स्वार पोटऱ्या आणि टाचा वापरतो. तिच्या चकचकीत बुटांमधले पाय ते काम करू शकत नव्हते. मग तिने काय केलं? शरीराचा तोल किंचित इकडेतिकडे करून घोड्याशी बोलायचं, हे ती शिकली. तिच्या 'ज्युबिली' या घोडीनेही ती भाषा शिकून घेतली. पुरुष अधिकाऱ्यांच्या बरोबरीने खेळून लिसने रौप्यपदक जिंकलं. १९५६ मध्ये पुन्हा एकदा रौप्यपदक! सुवर्ण जिंकलेल्या हेन्री सेंट सिरने १९५२ मध्ये तिला हात देऊन विजयमंचावर चढवलं, तो क्षण घोडेस्वारीच्या जगात आजही आठवला जातो.

उंच टोपीचा हट्ट

आता येऊ डोक्यावर. ड्रेसाजच्या वरच्या पातळीवरचे स्वार वर्षानुवर्षं उंच, काळी, नळकांड्यासारखी टोपी घालत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले प्रतिष्ठित लोक घालत तीच ही टोपी. पुरुष स्वार मैदानाच्या मध्यावर थांबत, टोपी काढून हात खाली नेत आणि मान लववून सलाम करत. ते दृश्य मोठं देखणं असे.

पण टोपी पडली तर? टोपी पडणं चालेल हो, डोकं पडलं तर? घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण आठ फुटांवर असतं. खाली पाचशे-सहाशे किलोंचा जीव. तो कितीही शहाणा असला, तरी त्याचाही पाय अडखळू शकतो.

कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची ड्रेसाज स्वार २००८ च्या ऑलिंपिकमध्ये खेळली होती. मार्च २०१० मध्ये फ्लोरिडात रोजचा सराव करताना तिचा घोडा अडखळून कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटीला जबर इजा झाली आणि ती जवळजवळ महिनाभर बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर तिला चालणं, बोलणं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. घोडा बिथरला नव्हता, तिची काही चूकही नव्हती. ऑलिंपिकमध्ये खेळलेली स्वार साध्या सरावात पडू शकते, हे जगाने पाहिलं. कोर्टनीने स्वतः पुढे येऊन, "माझ्यासारखं होऊ देऊ नका, हेल्मेट घाला," असं स्वारांना सांगायला सुरुवात केली.

तरीही अनेकांना उंच टोपी सोडवेना. "ही परंपरा आहे," "हेल्मेटने शान जाते," "इतकी वर्षं काही झालं नाही, आताच काय होणार?" ही वाक्यं ओळखीची वाटतात का? स्कूटरला किक मारताना आपल्याकडेही ती ऐकू येतात!

मग आलं २०१२ चं लंडन ऑलिंपिक. ब्रिटनची शार्लट दुजार्दिन 'वलेग्रो' घोड्यावर बसून मैदानात आली. अंगात तोच शेपटांचा कोट, हातात तेच पांढरे मोजे, पण डोक्यावर हेल्मेट. इतर बरेच स्वार उंच टोप्यांत होते. तिने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. हेल्मेटमुळे एकही गुण कमी झाला नाही, हे सगळ्या जगाला दिसलं. अखेर आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने २०१९ मध्ये निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०२१ पासून ड्रेसाजच्या सर्व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हेल्मेट सक्तीचं झालं.

आणि सलाम? तो आहे तसाच आहे. आता टोपी काढावी लागत नाही. लगाम एका हातात घ्यायचा, दुसरा हात खाली सोडायचा आणि मान लववायची. आपल्याकडच्या मुजऱ्यासारखा. आदर टोपीत नव्हताच, तो मान लववण्यात होता.

कोट स्वच्छ, पण घोडा खूश आहे का?

पोशाख फक्त स्वाराचाच असतो असं नाही. स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून पागेत लगबग चालते. अंग चमकेपर्यंत घोड्याला खरारा करायचा, खूर साफ करायचे. आयाळीच्या छोट्या छोट्या वेण्या घालून त्यांचे गोंडे बांधायचे, म्हणजे मानेची कमान उठून दिसते आणि केस लगामात अडकत नाहीत. हे काम बऱ्याचदा मोतद्दार करतो. फोटोत तो नसतो, पण घोड्याची नस न् नस त्याला ठाऊक असते. खरारा करताना अंगावरून हात फिरतो, तेव्हाच कळतं, की कुठे सूज आहे, कुठे खरचटलंय, कुठे हात लावला की घोडा अंग चोरतोय. म्हणजे खरारा ही नुसती आंघोळ नव्हे, ती रोजची तपासणी आहे.

स्पर्धा संपल्यावर मैदानाबाहेर पंचांचे मदतनीस घोडा तपासतात. तोंडातली कडी आणि स्वाराच्या टाचेची आर नियमाप्रमाणे आहे ना, हे पाहतात. कुठे रक्त दिसलं, तर स्वार बाद. मग कोट कितीही पांढराशुभ्र पट्टा लावून घातलेला असो.

इथं एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. जिच्या हेल्मेटचं आपण कौतुक केलं, त्याच शार्लट दुजार्दिनला २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. शिकवताना एका घोड्याच्या पायांवर ती पुन्हा पुन्हा चाबूक मारतेय, अशी जुनी चित्रफीत समोर आली. तिने चूक कबूल केली आणि महासंघाने तिला वर्षभर स्पर्धांतून दूर ठेवलं. मैदानातली टापटीप खरी केव्हा? जेव्हा पाहणारं कुणी नसतानाही घोड्याशी नीट वागलं जातं, तेव्हा. एरवी ती नुसती खोगीरभरती.

आता माथेरानला चला

एवढं सगळं ऐकून भाचीने माथेरानचा फोटो पुन्हा उचलला. या वेळी ती त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहत होती.

"चपलेला टाच नाही," ती म्हणाली. "आणि पट्टाही नाही. पाय आरपार गेला असता. ओढणी फांदीत अडकली असती. आणि डोक्यावर..." पुढे ती बोललीच नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळ जण आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसतात ते माथेरानला, पाचगणीच्या टेबललँडवर नाहीतर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी. तिथं ना परीक्षक असतो, ना पाट्या. पण जमीन तेवढीच कठीण असते. म्हणून पुढच्या सहलीला, शेपटांचा कोट नको, पण एवढं कराच:

बोटं झाकणारे, थोडी टाच असलेले, नाडी घट्ट बांधलेले बूट घाला. रिकिबीत पायाचा फक्त पुढचा भाग ठेवा. पूर्ण विजार घाला. ओढणी, लोंबणारी पिशवी, गळ्यातला कॅमेरा आईबाबांकडे द्या. लांब केस बांधा. घोडेवाल्याकडे हेल्मेट आहे का, ते विचारा. असेल तर हनुवटीखालचा पट्टा बांधूनच बसा. पट्टा न बांधलेलं हेल्मेट म्हणजे पुन्हा उंच टोपीच! एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वापरू नका. त्याच्या आतला फेस धक्का पचवताना दबून जातो आणि दुसऱ्यांदा कामाला येत नाही. हेल्मेट मिळालंच नाही, तर लगाम घोडेवाल्याच्या हातात राहू द्या आणि दौड नको, चालच बरी.

पालकांनो, घोडेवाल्याशी भाव ठरवताना आपण घासाघीस करतो. तेव्हाच दोन प्रश्न आणखी विचारा. हेल्मेट आहे का? आणि घोड्याने दुपारपासून पाणी प्यायलंय का? दहा जणांनी विचारलं, तर अकराव्यासाठी हेल्मेट आपोआप येईल. ऑलिंपिकमधला नियमसुद्धा असाच, कुणीतरी आधी विचारल्यामुळे बदलला.

"आणि सलाम कुणाला करायचा? तिथं परीक्षक तर नसतात," भाचीने विचारलं.

मी तिला सांगितलं, हांगझोउला आपल्या खेळाडूंनी काय केलं ते आठव. फेरी संपल्यावर परीक्षकांना सलाम झाला, की ड्रेसाजचा स्वार पुढे वाकतो आणि घोड्याच्या मानेवर थाप देतो. माथेरानच्या घोड्यालाही तेवढी थाप पुरते.

भाचीने मान डोलावली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण मामा, काळा चष्मा चालेल ना?"